परत मागितलेलं वाण

सिडकोतल्या आमच्या कॉलनीत मला मध्यंतरी एक नाव पडलं होतं: वाण परत मागणारी बाई. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या गच्चीवरचं बोलणं ऐकू येतंच. सुरुवातीला राग यायचा. मग विचार केला, यात खोटं काय आहे? मागितलं होतंच मी परत. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा दारोदार जाऊन मागेन, हेही इथंच सांगून ठेवते.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. त्यामुळे कॉलनीत झाडाझुडपांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. कुणाची तुळस वाळली, कुणाच्या लिंबाची फुलं गळली की बायका माझ्याकडं यायच्या आणि मीही जरा मान ताठ करूनच सल्ला द्यायची. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ठरवलं, प्लॅस्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या पुरे झाल्या, आपण वाण म्हणून रोपं लुटायची. उस्मानपुऱ्याकडच्या एका नर्सरीत गेले. कोपऱ्यात जमिनीलगत एक वेल पसरली होती. तकतकीत हिरवी पानं, वर सूर्यफुलासारखी पण रुपयाएवढी पिवळी फुलं. नाव विचारलं तर नर्सरीवाला म्हणाला, "ग्राउंड कव्हर आहे मॅडम. पाणी नको, खत नको. एकदा लावा आणि विसरून जा."

आमच्या शहरात 'पाणी नको' एवढं म्हटलं की माणूस विरघळलाच. नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी, कधी आठव्या. पाण्याच्या दिवशी लग्नाचं आमंत्रण असलं तरी घरातलं एक माणूस टाकीपाशी थांबतं. अशा गावात पाणी न मागणारं फूल कोण सोडेल? मी एक ट्रे घेऊन आले, वेलीचे बोटभर तुकडे केले आणि दह्याच्या रिकाम्या कपांत खोचले. आठवड्यात सगळ्यांना मुळं फुटली. एकही तुकडा वाया गेला नाही. वर्गात एखादं पोर असं भराभर सगळं करून मोकळं झालं असतं तर मला संशय आला असता. इथं मात्र मी खूश झाले.

आता वाण द्यायचं तर काहीतरी सांगून द्यायला हवं. आयुर्वेदाच्या एका पुस्तकात पिवळ्या माक्याबद्दल वाचलेलं होतं. जमिनीवर पसरतो, पिवळं फूल येतं, केसांना उत्तम. माझ्या मनात दोन आणि दोन चार झाले. पडताळून पाहायची तसदी मी घेतली नाही. चाळीसेक बायकांना मी हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन, तो कप हातात ठेवत सांगितलं, "हा पिवळा माका. तेलात उकळा. केस गळायचे थांबतील." शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हटल्यावर कुणाची शंका घ्यायची बिशाद!

शंका घेतली ती एकीनंच. आमच्या शेजारच्या आपा दर वर्षी हळदीकुंकवाला यायच्या. कुंकू लावत नसत, पण तिळगूळ, फूल आणि वाण हक्कानं घ्यायच्या आणि ईदला शिरखुर्म्याचा डबा आमच्या ओट्यावर हक्कानं आणून ठेवायच्या. त्यांचे वडील हकीम होते. आपांनी कपातलं एक पान तोडलं, तळहातावर चुरगाळलं आणि थोडा वेळ हाताकडं बघत राहिल्या.

"भाभी, ये भंगरा नै है," त्या म्हणाल्या. माक्याला त्या भंगरा म्हणतात. "भंगरा हाथ काला करता. हे बघा, हिरव्याचं हिरवंच आहे."

"आपा, तो पांढऱ्या फुलाचा. हा पिवळा आहे."

"पीला भी देखी मैं अब्बा के पास. उसका पत्ता सीधा रैता. इसकू देखो, तीन नोकां हैं."

पानाला खरोखरच तीन टोकं होती. मधलं लांब, दोन बाजूंना दोन आखूड. मी ती पाहिली होती. पण भरल्या घरात, सगळ्या बायकांसमोर, मी मोठ्यानं म्हणाले, "आपा, हे मी शाळेत शिकवते." बायका हसल्या. आपाही हसल्या आणि हात पुसून गप्प बसल्या. त्या हसण्याची आठवण आली की अजून माझे कान गरम होतात. माझी लाज त्या रोपाची नव्हती. समोरच्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतंय हे दिसत असताना मी तिला गप्प केलं, त्याची होती.

शेवटी एक कप उरला. कॉलनीच्या फाटकाशी भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. कॉलनीच्या मागं एक मोकळं मैदान आहे आणि त्याच्या कडेनं नाला वाहतो. त्या ओलीवर उन्हाळ्यात चिवळ उगवायची, पावसात घोळ आणि तांदुळजा. मावशी मैदानापलीकडच्या वस्तीत राहायच्या. पहाटे खुडून सकाळी फाटकाशी टोपली मांडायच्या. ज्यानं उन्हाळ्यात मुगाची डाळ घालून केलेली चिवळीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली नाही, त्याच्याशी मी यावर वाद घालणार नाही. मावशींचा नवरा त्या विशीत असतानाच गेला होता. त्यामुळे संक्रांतीला त्यांना कुणी घरात बोलवत नसे. मीही बोलावलं नाही. उरलेला कप आणि तिळाचा लाडू घेऊन मीच फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, "मावशी, हे तुमचं वाण."

त्यांनी आधी माझ्या मागं पाहिलं, कुणा दुसरीसाठी तर नाही ना म्हणून. "मला?"

"तुम्हालाच."

त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि पदराखाली धरला. मी परत आले ती स्वतःवर भलती खूश होऊन. किती सुधारक आपण, असं मनाशी म्हणाले आणि विसरूनही गेले.

तेलाचं काही झालं नाही. कुणाचे केस वाढले नाहीत, घरभर वास तेवढा सुटला. वेल मात्र वाढली. कुंपणाच्या भिंतीखाली, कूलरचं पाणी ठिबकतं तिथं, टाकी भरून वाहते तिथं. लोक कौतुक करायचे. माळी ती कापायचा आणि कापलेलं नाल्याकडं फेकून द्यायचा. आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. ते मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, "मॅडम, तुमच्यामुळं कॉलनीचं रूप पालटलं." मी हसून मान डोलवायची.

दोन पावसाळे गेले. मग एका उन्हाळ्यात मावशींच्या टोपलीत चिवळ दिसेना. मंडईतून आणलेली कोथिंबीर आणि मेथी होती, तीही दुपारपर्यंत सुकून जायची.

"मावशी, चिवळ कुठंय?" मी विचारलं. "उन्हाळा संपत आला."

"संपली बाई."

"अशी कशी संपली?"

"जागा संपली. तिला उगवायला जागाच नाय."

त्या दिवशी पहिल्यांदा मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेले. नाल्याच्या दोन्ही काठांना पिवळंच पिवळं होतं. वाकून एक वेल उचलली तर ती सतरंजीसारखी उचलत आली. प्रत्येक पेराला मूळ, प्रत्येक मूळ जमिनीत. खाली गवताची काडी नाही. वस्तीतल्या शेळ्या येत होत्या, हुंगत होत्या आणि पुढं जात होत्या. मी एक पान तोडलं. तीन टोकं. हातावर चुरगाळलं. हात हिरव्याचा हिरवा.

कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडं पान घेऊन गेले. तिनं क्षणात ओळखलं. वेडेलिया. पार अमेरिकेकडून शोभेसाठी आलेली, बी क्वचित धरते, पण बोटभर तुकडा पुरतो. "कापू नका, एका वेलीच्या शंभर होतील," ती म्हणाली. "कचऱ्यात टाकू नका, नाल्यात तर मुळीच नका." जे जे करू नका म्हणाली ते ते सगळं आम्ही दोन वर्षं केलं होतं.

घरी न जाता मी थेट आपांच्या दारात उभी राहिले. "आपा, तुमचं बरोबर होतं."

"हौ, मालूम," आपा म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. "चलो, काढून टाकू." एवढ्यावर त्यांनी मला सोडलं. मी असते तर निदान महिनाभर सोडलं नसतं.

पाऊस पडून माती मऊ झाली तशी मी फेरी सुरू केली. एकेक दार वाजवायचं आणि म्हणायचं, मी दिलेलं वाण परत द्या. बायका तोंडाकडं बघत राहायच्या. "बाई, वाण कुणी परत मागतं का? अपशकुन असतो." मी म्हणायची, "अपशकुन माझ्या नावावर लिहा, वेल मला द्या." काहींनी मला घालवण्यापुरतं दिलं. काहींनी दार लावलं. एकीच्या अख्ख्या ओसरीपुढं ती फुलली होती. ती म्हणाली, "आमच्या घराकडं येणारी जाणारी बघतात ती या फुलांमुळं." तिचं मला वाईट वाटलं, पण मी तिथंच बैठक मारली आणि तिच्यासमोर वेल उपटली. आमचे हे म्हणाले, "तू निवृत्त झालीस की वसुलीला लागलीस?" मग संध्याकाळी मुकाट्यानं पोत्यांची तोंडं शिवायला बसले.

अध्यक्ष मात्र चिडले. समितीनं ठरवलं होतं की अख्ख्या मैदानावर हीच वेल पसरायची, सुशोभीकरण म्हणून, आणि पाहुणे बोलावून फीत कापायची. "मॅडम, आणली तुम्ही, उपटताय तुम्ही," ते बैठकीत म्हणाले. "आधी एक काय ते ठरवा."

टोला बरोबर बसला. मी म्हणाले, "ठरवलंय. आणायची चूक माझी, म्हणून उपटायचा हक्कही माझा."

त्यांनी कॉलनीच्या शोभेचं नुकसान केल्याबद्दल लेखी माफी मागायला सांगितली. मी लिहिली. मोठ्या अक्षरांत, आणि कागद कॉलनीच्या सूचनाफलकावर लावला. ही वेल मी आणली, तिला पिवळा माका म्हणाले ते साफ चूक होतं, शेजारच्या आपांनी त्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, त्याबद्दल माफी. खाली तीन टोकांचं एक वाळलेलं पान चिकटवलं, शेजारी आपांच्या कुंडीतलं खऱ्या माक्याचं. उपटल्याबद्दल माफी नाही, हेही लिहिलं. कागद कुणीतरी फाडला. मी पुन्हा लावला. पुन्हा फाडला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फाडला नाही.

काम कसं करायचं हे आम्ही करत करत शिकलो. ओली माती असताना खुरप्यानं पेराखालून उचलायचं, ओढायचं नाही. ओढलं की वेल तुटते आणि मूळ खाली राहतं. काढलेलं सगळं पोत्यात भरून गच्चीवर न्यायचं आणि तापलेल्या पत्र्यावर वाळवायचं. नुसतं सुकून भागत नाही, मुठीत चुरा व्हायला हवा. जिथं फारच दाट होती तिथं झाकायला काळी ताडपत्री हवी होती. ती कुठून आणणार? पण आमच्या शहरात वाढदिवसाच्या फ्लेक्सना काय तोटा! कार्यक्रम उरकल्यावर चौकाचौकांत लोंबत असलेले फ्लेक्स आपांनी मागून आणले. आम्ही ते दोन-तीन थर करून अंथरले आणि वर दगड ठेवले. चेहरे खाली केले, तेवढी रीत पाळली. त्यातल्या एकावर शुभेच्छुक म्हणून आमच्या अध्यक्षांचाही फोटो होता. त्यांनी येऊन तो कुठं आहे हे विचारलं. मी म्हणाले, "कामावर आहेत."

असं करत करत आम्ही नाल्याच्या शेवटच्या टोकाला पोचलो. तिथं वेल सगळ्यांत जुनी होती, दांडे करंगळीएवढे जाड. तिथूनच ती पसरली असावी. मी खुरपं घातलं तर मागून आवाज आला.

"ते नका काढू बाई."

मावशी उभ्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, हिनंच तुमची चिवळ खाल्ली. हीच सगळ्यात आधीची आहे."

"ठावं हाय मला. म्याच लावली."

मला कळेना. आपांनी हातातलं काम थांबवलं.

"तुम्ही दिलेलं वाण," मावशी म्हणाल्या. "घरापुढं हातभर जागा नाय. कुठं लावू? म्हटलं, माझी चिवळ येती ती जागा लई चांगली, तिथं लावावं. नाल्याचं पाणी हातानं घातलं. मालक गेल्यावर मला कुणी वाण दिलं नव्हतं. ते फेकून कसं देऊ? पसरलं तवा समजलं व्हतं मला, ह्यानं भाजी जाणार म्हणून. पण हात लावायला मन व्हईना."

मी खुरपं खाली ठेवलं. कॉलनीभर भांडले होते, अध्यक्षांना उत्तर दिलं होतं, पण या बाईपुढं मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. फाटकाशी नेऊन उरलंसुरलं दिलं मी. घरात बोलावलं असतं, पाटावर बसवलं असतं, तर तिनं एका फसव्या वेलीची अशी राखण केली असती का? मी तेवढंच दिलं म्हणून तिनं तेवढंच जपलं. आणि त्यापायी तिच्या घासाची जागा गेली.

"राहू द्या," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाल तेव्हाच काढू."

आपा मात्र नाराज झाल्या. एवढं टोक ठेवलं तर वर्षात सगळं परत येणार, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. त्या टोकाभोवती आम्ही वीतभर खोल चर खणला आणि बाहेर येणारा प्रत्येक फुटवा आठवड्याला खुडत राहिलो. समितीनं तोवर फीत कापायचा बेत गुंडाळला होता. पसरायला कॉलनीत पुरेशी वेलच उरली नव्हती.

त्या मैदानाचं काम पुढं दोन उन्हाळे चाललं. चिवळ परत आली, कारण मातीत तिचं बी दम धरून पडलेलं असतं. पण मला सांगायचं आहे ते मधल्या संक्रांतीचं.

त्या संक्रांतीला मी जालना रोडकडच्या एका लोहाराकडून खुरपी घडवून घेतली. लोखंड कुणी वाण म्हणून देत नाही, असं मला निदान दहा जणींनी ऐकवलं. मी म्हटलं, ज्यांना नको त्यांनी तिळगूळ खाऊन जावं. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मी स्वतः मैदान ओलांडून वस्तीत गेले आणि मावशींना बोलावलं. फाटकापर्यंत नाही, घरात. त्या "नाय, नाय" म्हणत राहिल्या. मी म्हणाले, "तुम्ही आल्याशिवाय मी कुणालाच वाण देणार नाही. बायका बसून राहतील, आणि मग त्या तुम्हालाच बोल लावतील." त्या आल्या. धुतलेलं लुगडं, केसांना तेल.

दोघी जणी उठून गेल्या. एक जण माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, हे शोभतं का?" मी मुद्दाम मोठ्यानं उत्तर दिलं, "उठायचं असेल त्यांनी आत्ताच उठा, मला खुरपी मोजून वाटायचीत." मग कुणी उठलं नाही. आपा सरकल्या आणि मावशींना शेजारी बसवून घेतलं. "इधर बैठो अम्मा. मैं भी कुंकू नै लगाती. आपण दोघी एकाच रांगेत."

पहिलं खुरपं मी मावशींना दिलं. त्यांनी मुठीत धरून पाहिलं, अंगठ्यानं धार पाहिली. तिळाचा लाडू पदराला बांधला. मग कुणाशी काही न बोलता उठल्या आणि चालू लागल्या. मला वाटलं, दुखावल्या. मी मागं गेले, माझ्या मागं आपा, आणि काय चाललंय ते बघायला आणखी दहा-बारा जणी, रेशमी साड्या सावरत.

मावशी नाल्याच्या टोकाशी जाऊन बसल्या. त्या जाड दांड्याच्या बुडाशी त्यांनी नवं खुरपं घातलं. ओढलं नाही. पेराखालून, सावकाश, आजूबाजूची माती मोकळी करत, मुळासकट सगळा गड्डा वर उचलला. उभ्या राहिल्या आणि तो मातीचा गड्डा माझ्या नव्या साडीच्या पदरात ठेवला.

"घ्या. तुमचं हे वाण."

मग खुरपं आपल्या लुगड्याला पुसलं, कमरेला खोचलं आणि माझ्याकडं रोखून पाहत म्हणाल्या, "आता हे मात्र परत मागायचं नाय."